थोरलीचा पाट

आश्विन आला. मेघ गेले, मेघांच्या सावल्या गेल्या, आणि नीरेच्या खोऱ्यावरचे आकाश निळे, निर्मळ, निरभ्र होऊन उंच निघून गेले.

चार महिने धुक्यात तोंड खुपसून निजलेले डोंगर एका सकाळी उठून बसले. त्यांच्या अंगावरचे हिरवे जागोजाग विटले होते. पायथ्याशी भाताच्या लोंब्या जड झाल्या, जड होऊन वाकल्या, आणि वाऱ्याची झुळूक आली की साऱ्या खाचरातून सुवर्णाची सळसळ होऊ लागली.

पहाटे दव पडे. दूर्वांच्या टोकांवर दव, कर्दळीच्या पानांवर दव, कुंपणाच्या तारेवर ओळीने लोंबणारे दव. दोन गुलाबांच्या मध्ये कोळ्याने रात्रभर जागून विणलेल्या जाळ्यात तर इतके दव, की ज्याच्यासाठी जाळे मांडले तो किडाही दुरूनच पाहून वाट बदलत असेल. मग ऊन येई. कनकवर्ण, करकरीत, कोरडे ऊन. दव उडून जाई, जाळे दिसेनासे होई, आणि किडा येऊन अडके.

फार देखणा ऋतू हा, आणि फार निलाजरा. ज्या घरातून श्रावणात माणूस गेले, त्या घराच्या अंगणात तरी त्याने जरा बेताने यावे, मान खाली घालून यावे. पण कुठले! साऱ्या गावाच्या दाराशी आला तसाच तो या दाराशी आला, अंगभर सोने लेऊन, गळाभर फुले घालून. त्याला कोणी ये म्हटले नव्हते.

भोर गावाच्या कडेला, घरांची रांग संपून जिथे भातखाचरे सुरू होतात, तिथे विश्वासरावांचे बैठे घर. पुढे अंगण, मागे परसबाग, परसाच्या टोकाला कठडा बांधलेली विहीर. घरात विश्वासराव, त्यांची पत्नी कुमुदिनी, आणि थोरली मुलगी रेवती. धाकटी गौतमी पुण्याला, नोकरीच्या गावी. कुमुदिनी हे नाव लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर जे राहिले ते राहिलेच. घरात, शेजारात तिला सगळे आई म्हणत, म्हणून आपणही आईच म्हणू.

रेवतीने लग्न केले नाही. गावातल्या शाळेत ती भूगोल शिकवी, आणि शाळा सुटली की साडीचा पदर खोचून परसात उतरे. आईवडिलांच्या म्हातारपणाची ती काठी होती, असे लोक म्हणत. पण काठी कधी हसत नाही, आणि रेवती फार हसे. विहिरीशी ती हसली तर ओटीवर विश्वासरावांच्या हातातले वर्तमानपत्र खाली येई. बाग तिची होती. घरही, खरे तर, तिच्याच हसण्यावर उभे होते.

श्रावणात तिला ताप आला. साधाच वाटला. काढा झाला, गोळ्या झाल्या, मग पुण्याचे रुग्णालय झाले, आणि नारळी पौर्णिमेच्या आतच रेवती नव्हती. रुग्णालयाच्या दारातही पाऊस पडत होता आणि घरी परतताना घाटातही पाऊस पडत होता. त्या पावसात कोण रडते आहे आणि कोण नाही, हे कोणाला दिसले नाही.

बागेला हे सांगायला कोणी गेले नाही. म्हणून बाग वाट पाहत राहिली, आणि वाट पाहता पाहता वाढत राहिली.

तेरडा फुलला आणि विटला. त्याच्या फुगीर शेंगांना नुसते बोट लागले तरी त्या फुटत आणि बी दूर उडे. दोडक्याचा वेल पिवळा पडला, आणि वेळेवर न तोडलेले दोडके वाळून त्यांच्यात बिया खुळखुळू लागल्या. भेंड्या जून झाल्या. झेंडू तर नुसता पेटला, केशरी, पिवळा, रक्तवर्ण. पण घरात आता वर्षभर सण करायचा नव्हता. घट बसले नाहीत, दाराला तोरण लागले नाही. दसऱ्याला साऱ्या गावाने झेंडू तोडून नेला, ओवला, टांगला. या परसातला झेंडू झाडावर राहिला आणि झाडावरच काळवंडला.

सीताफळांनी डोळे उघडले. फळ उतरवायची वेळ झाली की त्याचे डोळे रुंदावतात. रेवती रोज संध्याकाळी एकेका फळापाशी थांबून ठरवी, हे आज, हे परवा. आता फळे डोळे उघडून वाट पाहत, पिकत, गळत, आणि जमिनीवर फुटलेल्या त्या शुभ्र गराकडे मुंग्यांची काळी रांग लागे.

विश्वासराव सकाळी विहिरीचे पाणी शेंदून झाडांना घालत. कुठल्या झाडाला किती, हे त्यांना ठाऊक नव्हते. न्यायी माणूस, त्यांनी सगळ्यांना सारखे घातले. कोरफड कुजली, कर्दळ तहानलेली राहिली, आणि ते रिकामी बादली हातात घेऊन दोघींच्या मध्ये उभे राहिले.

घरातही आश्विन शिरला होता. पावसाने फुगून अडणारी दारे उन्हाने आक्रसली आणि अलगद लागू लागली. भिंतीवरचे शेवाळ वाळून काळे झाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज सकाळी उन्हाची एक पट्टी आत येई, फडताळावरून सरकत सरकत चुलीच्या ओट्यापर्यंत जाई आणि तिथे मावळे. आई त्या पट्टीकडे पाहत बसे. भाजी चिरायची राहून जाई.

रेवतीची खोली मात्र बंद होती. तिथे ऊन नव्हते, वारा नव्हता, आश्विन नव्हता. तिथे अजून श्रावण होता.

आश्विनाच्या पौर्णिमेला, कोजागरीला, या मुलखातल्या कितीतरी घरांत आई आपल्या थोरल्या अपत्याला ओवाळते. मुलगा असो, मुलगी असो, थोरले असले की झाले. आश्विनी करणे म्हणतात त्याला. पाट मांडायचा, पाटाभोवती रांगोळी, ताम्हनात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता. ज्या जिवाने आपल्याला पहिल्यांदा आई केले, त्या जिवासाठी उदंड आयुष्य मागायचे. धाकट्यांनी बाजूला बसून बघायचे.

गौतमीने वर्षानुवर्षे बाजूला बसून बघितले होते.

लहानपणी तिला ते असह्य होई. ताईच्या कपाळावरचे ओले कुंकू, ताईच्या केसांत अडकलेल्या अक्षता, ताईच्या चेहऱ्यावर खालून वर, वरून खाली फिरणारा तो सोनेरी, मऊ, हलता उजेड. त्याहूनही, त्या उजेडात दिसणारा आईचा चेहरा. एरवी आईचा चेहरा कामाचा असे, घाईचा असे. वर्षातून एकदाच तो असा होई, आणि होई तो ताईकडे पाहून. रेवती म्हणे, आई, हिलाही ओवाळ ना. आई म्हणे, हे थोरलीचे असते, धाकटीला नसते. एका वर्षी गौतमीने पाय आपटून विचारले होते, मी कधी थोरली होणार? सगळे हसले होते. रेवती सगळ्यांत मोठ्याने हसली होती.

आता गौतमी थोरली होती.

कोजागरी जवळ आली तेव्हा विश्वासरावांनी विषय काढला. सण नको, गोडधोड नको, म्हणाले, पण ओवाळणे चुकवू नये. ते सणाचे नसते, जिवाचे असते, आणि आपल्याला अजून एक जीव आहे.  त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग आई एवढेच म्हणाली, की पाट तर रेवतीचा आहे. ते हट्टाने बोलणे नव्हते. तांदूळ डब्यात आहेत, असे सांगावे तसे ती बोलली.

कारण धाकटीला ओवाळायचे म्हणजे थोरली नाही, हे दिव्याच्या साक्षीने कबूल करायचे. स्मशानाने सांगितले ते तिने ऐकले नव्हते. दिवसवार झाले, गावाने सांगितले, तेही ऐकले नव्हते. पण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या तोंडाने, दुसरीला थोरली म्हणायचे, म्हणजे मग रेवतीला उभे राहायलाही जागा उरत नव्हती. आणि न ओवाळावे, तर जी एक उरली तिचे आयुष्य मागायचे राहते. आईच्या जिवाची अशी ओढाताण चालली होती. पिठाच्या गिरणीच्या दोन दगडांनाही इतका दाणा चिरडता येत नाही.

विश्वासरावांनी गौतमीला फोन केला. कोजागरीला ये, म्हणाले. का, ते सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

एसटीत खिडकीशी बसून येताना ती भाताची पिवळी खाचरे पाहत होती, आणि मनात स्वतःलाच खडसावत होती. तिला तो पाट नको होता. ताई परत येत असेल तर तिने आयुष्यभर बाजूला बसून बघितले असते, आनंदाने बघितले असते. हे खरे होते, देवाशपथ खरे होते. पण मनाच्या अगदी तळाशी, जिथे माणूस स्वतःलाही जाऊ देत नाही, तिथे पाय आपटणारी ती मुलगी अजून उभी होती, आणि तिला एकदा, एकदाच, आईचा तो चेहरा हवा होता. आई आपल्याकडे तसे बघेल का? बघितले, तर आपण उरलेल्या नसू, असलेल्या असू. एवढ्यासाठी ती आली होती. ताईच्या जागी बसायला आपण आलो, याची तिला लाज वाटत होती, आणि तरीही ती आली होती.

आईने दार उघडले. जेवलीस का, विचारले. मग आत गेली.

कोजागरीची सकाळ उजाडली. प्राजक्ताचा सडा पडला होता. उचलायला कोणी नव्हते, म्हणून फुले देठ वर करून तशीच पालथी पडली होती. गवतातून चतुर उडत होते, काचेच्या पंखांचे, हवेत थांबून थांबून उडणारे. आई पहाटेपर्यंत जागी होती, आणि आता, उजाडता उजाडता, तिचा डोळा लागला होता. गौतमीने तिच्या अंगावर पांघरूण सारखे केले आणि ठरवले, की आज आईचे काम आपण करू.

आश्विनातले ऊन वाया घालवू नये, हे आईचेच म्हणणे. पावसाळा सरला की घराला ऊन दाखवायचे असते. वर्षानुवर्षे या अंगणात आश्विनात सारे घर उताणे पडे: गाद्या, उशा, लोकरीचे कपडे, डाळींची सुपे, चिंचेचे गोळे, लोणच्याच्या बरण्या. आई सकाळी मांडी, दुपारी उलटवी, संध्याकाळी आवरी, आणि रात्री सगळ्यांच्या अंथरुणाला उन्हाचा वास येई. यंदा काहीच बाहेर आले नव्हते. डाळींना किडे झाले होते.

गौतमीने डाळी काढल्या, निवडल्या, सुपांत पसरल्या. गाद्या ओढून अंगणात टाकल्या. बरण्या पुसून कठड्यावर ठेवल्या. हात चालू लागले तसे तिला बरे वाटू लागले. कित्येक दिवसांनी या घरात कोणी काही हलवत होते. ती खोल्यांमागून खोल्या रिकाम्या करत गेली, आणि रेवतीच्या दाराशी आली.

दार उघडले तर आतून ओलसर, कोंदट, जुना पाऊस अंगावर आला. पलंगावर रेवतीची गोधडी होती, आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, आमसुली, हळदी, मोरपंखी तुकड्यांची. तिची कड बुरशीने पांढरी झाली होती. उशीवर करडे ठिपके होते. गौतमीला वाटले, असे कसे पडू दिले. ताई किती नीटनेटकी होती. तिला गलबलून आले, आणि त्या भरातच तिने गोधडी आणि उशी उचलली, विहिरीच्या कठड्यावर पसरली, काठीने झटकली. उन्हात बारीक बारीक कण उडाले, क्षणभर चमकले, आणि गेले. खिडक्या सताड उघडल्या. वारा आत शिरला.

दुपारी तिने गोधडी उलटी केली. ऊन कडक होते. दोन्ही बाजू छान कोरड्या झाल्या.

कित्येक रात्रींची राहिलेली झोप काढून आई उठली, बाहेर आली ती हाताने उन्हाची तिरीप अडवत. अंगण पाहिले, सुपे पाहिली. मग ती परसदारी आली आणि तिची नजर विहिरीकडे गेली.

"ही कोणी काढली?"

"मी काढली, आई. ओल धरली होती. बुरशी आली होती कडेला."

आई चालत विहिरीपाशी गेली. तिने गोधडी दोन्ही हातांनी गोळा केली आणि तोंड तिच्यात खुपसले. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिने दुसरी बाजू हुंगली, मग मधली घडी, मग उशी, उशीचे एक टोक, दुसरे टोक. झाडावर बुलबुल बोलत होता. गौतमीच्या ध्यानात यायला वेळ लागला.

रोज दुपारी, विश्वासराव आडवे झाले की, आई त्या खोलीत जाऊन दार लोटून घेई. त्या उशीत रेवतीचे केस होते, केसांचे तेल होते, कपाळाचा तापलेला घाम होता. ओल होती म्हणून ते सारे होते. ओलीने ते धरून ठेवले होते. जेवण जाईनासे झालेली ती बाई त्या श्वासांवर जगत होती, आणि जगाला वाटत होते की ती वामकुक्षी करते.

"नुसता उन्हाचा वास येतोय," आई म्हणाली.

तिला रागावता आले असते तर बरे झाले असते. तिने धाकटीच्या थोबाडीत मारली असती तरी बरे झाले असते; मार खाऊन रडता तरी आले असते. पण आईने गोधडीची घडी घातली, नीट, काठाला काठ लावून, उशी तिच्यावर ठेवली, आणि ती दोन्ही घेऊन आत गेली. या वेळी तिने दार लोटले नाही. लोटण्याचे काही कारण उरले नव्हते.

विश्वासरावांनी परसदारातून हे सगळे पाहिले होते. ते गौतमीजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, की तुझा काय दोष, आम्ही सांगायला हवे होते. मलाही ठाऊक नव्हते, असेही म्हणाले. मग दोघे मिळून सुपांतल्या डाळी भरू लागली. तूरडाळ मुगाच्या डब्यात गेली, आणि दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.

तिसऱ्या प्रहरी गौतमी हळूच त्या खोलीत गेली. फळीवर रेवतीची माक्याच्या तेलाची बाटली होती. तिने थोडे तेल बोटावर घेतले आणि उशीच्या मध्यावर लावले. हुंगून पाहिले. बाटलीचा वास आला. पुन्हा लावले, पुन्हा हुंगले. बाटलीचाच. तेल होते, पण तेलाला लागणारे डोके नव्हते, आणि शरदातले निर्दय, निष्कलंक ऊन उशीतून उठून तिच्या नाकाशी येत होते. तिने उशीचा अभ्रा उलटा केला, डाग खाली दडवला, आणि चोरासारखी बाहेर आली.

उन्हे उतरली. गुलबक्षी उमलू लागली. कुंपणाच्या सावल्या लांब लांब होत विहिरीपर्यंत गेल्या. खाचरातून बगळे उठले आणि ओळ धरून नदीकडे गेले. असल्या संध्याकाळी माणसाला वाटते, की काहीतरी अजून होईल, काहीतरी बरे होईल; शरदाची ही खोडच आहे, तो जाताजाता आशा लावून जातो. विश्वासराव आत जाऊन बिचकत म्हणाले, की आज राहू द्यायचे का? आई म्हणाली, "नको. काढते पाट."

का म्हणाली, कोण जाणे. वास गेला, आता पाट तरी कशाला राखायचा, असे तिला वाटले असेल. किंवा धाकटीचा दुपारचा चेहरा तिने पाहिला असेल, कोणी सांगावे. आईच होती ती दोघींची.

डोंगराआडून चंद्र वर आला. पूर्ण, पांढरा, शांत, निर्विकार. परस रुपेरी झाला, विहिरीचा कठडा रुपेरी झाला. घरात आईने पाट मांडला. रांगोळीची रेघ वाकडी गेली. तिने ती पुसून पुन्हा काढली. निरांजनात तूप घातले. तुपाची वात पेटली, आणि त्या घरात श्रावणानंतर पहिल्यांदा सोन्याचा एक टिपका हलू लागला.

गौतमी पाटावर बसली. मांडी घालून, हात मांडीवर ठेवून. लाकूड गार होते. विश्वासराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आई समोर आली, वाकली, आणि तिने बोट बुडवून धाकटीच्या कपाळाला कुंकू लावले. ते बोट कपाळावर जरासे थांबले.  आईने अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, अंगठी फिरवली. मग कंबर धरत ती सरळ झाली आणि तिने ताम्हन उचलले.

ओवाळताना आई डोळे मिटत असे. पहिल्यापासूनची तिची ती सवय. डोळे मिटायचे, ओठांत पुटपुटायचे, आयुष्य मागायचे, आणि मागून झाले की डोळे उघडून लेकीकडे पाहायचे. तिने डोळे मिटले. ताम्हन फिरू लागले.

ते गौतमीच्या डोक्यावरून फिरत होते.

रेवती वडिलांच्या वळणावर गेलेली, उंच, ताठ बसणारी. तिच्या चेहऱ्याभोवती फिरण्यासाठी आईचे हात जितके वर जात, तितकेच ते आजही वर गेले होते. हातांना कोणी काही सांगितले नव्हते. धाकटी आईसारखी ठेंगणी. तिचे कपाळ, तिचे कुंकू, तिचे डोळे खाली अंधारात होते, आणि वर, जिथे कोणी नव्हते, तिथे उजेड एका चेहऱ्याभोवती फिरत होता. खालून वर, वरून खाली. सावकाश. मायेने. आईचे ओठ हलत होते. विश्वासरावांनी ते पाहिले आणि तोंड फिरवून घेतले.

गौतमी मान वर करून बघत राहिली.  आई, मी इथे आहे, असे कसे म्हणायचे? मग तिने मांडी सोडली. आवाज न करता, पाटावर हात टेकून, ती गुडघ्यांवर उठली. पाठ ताठ केली, मान ताणली, आणि तिचा चेहरा त्या उजेडात आला. निरांजनाची ऊब गालाला लागली. एवढी ऊब असते, हे तिला माहीत नव्हते.

आईचे मागून झाले. तिने डोळे उघडले.

समोर, बरोबर त्या उंचीवर, दिव्याच्या प्रकाशात एक चेहरा होता. आणि आईचा चेहरा फुलला. सुरकुत्या विरल्या, ओठ विलगले, डोळ्यांत पाणी आणि पाण्यात ज्योत. तो तिचा वर्षातून एकदाचा चेहरा, तो अथांग, आनंदविव्हल, तृप्त चेहरा, गौतमीने प्रथमच समोरून पाहिला. आयुष्यभर तो तिने बाजूने पाहिला होता. किती सुंदर होती आई.

एका श्वासापुरता तो राहिला. मग आईची नजर स्थिर झाली, नजरेने नाक ओळखले, हनुवटी ओळखली, आणि तो चेहरा गेला. जाताना गौतमीला तो सगळा दिसला.

"तू होय," आई म्हणाली.

हळू म्हणाली. दुखवायचे म्हणून नाही.

बाहेर सारे परस चांदण्यात न्हात होते, आणि शरदाला कशाचीच लाज वाटत नव्हती. आईचे हात थकले. ताम्हन खाली आले, उजेड खाली आला, पाटावर आला, रांगोळीवर आला. गौतमी तशीच राहिली, गुडघ्यांवर, मान ताणून, उजेड निघून गेलेल्या उंचीवर.